पुढच्या खोलीचा उतार

पालघरच्या पानआळीत एकवीस घरं आहेत आणि त्यांतल्या चौदा घरांची जमीन भागीनं कधी ना कधी पुसलेली आहे. त्यामुळे कोणाचं घर कसं आहे हे तिला जितकं ठाऊक, तितकं घरमालकांनाही नाही. बादलीभर पाणी ओतलं की जमीन आपली कुंडली आपणच सांगते, असा तिचा अनुभव. मंगलावहिनींनी दोन वर्षांपूर्वी चकचकीत लादी बसवून घेतली, आल्यागेल्याला चपला काढायला लावून ती दाखवली. पण फ्रिजच्या पायाशी रोज वाटीभर पाणी साठतं, ते भागी गुपचूप फडक्यानं टिपते. कोपऱ्यावरच्या दुमजली बंगल्यात न्हाणीघराचं पाणी उलटं स्वयंपाकघराकडे निघतं. तिसऱ्या एका घरात देवघराखालची फरशी पोकळ वाजते. ह्यातलं अक्षरही ती कोणापाशी बोलत नाही. ज्यांच्या घरचा चहा घ्यायचा त्यांचीच उणीदुणी काढत फिरायचं, हे तिच्या रक्तात नाही. आणि खरं सांगायचं तर तिला विचारलंय कोणी?

आळीत एकच घर असं होतं, की त्याचं पाणी भागीला कधी पुसावं लागलं नाही. कृष्णकांतकाका राऊतांचं. तीन खोल्या, वर मंगलोरी कौलं, मागं परसात केळी, वय वर्षं अडतीस. उंबऱ्यापाशी बादली रिकामी केली, की पाणी गुणी पोरासारखं आपणहून समोरच्या भिंतीकडे चालू लागे आणि लोखंडी कपाटाखाली जाऊन गोळा होई. तिथून ते डब्यानं उपसायचं, की झालं काम. बाकी घरी अर्धा तास मोडायचा, इथं दहा मिनिटांत हात मोकळे.

आणि ह्याच घराला, आळीतल्या सगळ्यांत शहाण्या घराला, काडीची किंमत नाही असं ठरलं होतं.

ठरवलं होतं शैलेशनं. शैलेश हा जागांची दलाली करणारा, बोईसरपासून सफाळ्यापर्यंत कुठली भिंत कोणाच्या नावावर आहे हे तोंडपाठ असलेला माणूस. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, काकांचे गुडघे कुरकुरू लागले, आणि बोईसरला राहणारी त्यांची मुलगी कीर्ती म्हणाली, की बाबा, आता पुरे झालं एकट्यानं राहणं, माझ्याकडे या. काकांनी शैलेशला बोलावलं. तो आला, उंबऱ्यातूनच आत डोकावला आणि म्हणाला, "काका, किंमत जागेला आहे. जुनी वस्ती, स्टेशन जवळ, शेजार चांगला, त्याचे पैसे मिळतील. घराचे नाहीत. घर उलट वजाबाकीत जाणार. पाडायचा खर्च येतो ना!"

अडतीस वर्षं उभं असलेलं घर वजाबाकीत! काका रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, शब्दाला शब्द लावणं त्यांना कधी जमलं नाही. ते नुसतेच मान हलवत राहिले. आतल्या खोलीत भागी फडकं पिळत होती, तिच्या हातातलं फडकं मात्र गरजेपेक्षा जास्त पिळलं गेलं.

ह्या 'चांगल्या वस्ती'बद्दल दोन शब्द बोलल्यावाचून पुढं जाववत नाही. शैलेशच्या हिशेबात चांगल्या वस्तीचे वेगळे पैसे होते. आता वस्ती चांगली म्हणजे काय? तर अंगणं स्वच्छ, गटारं वाहती, म्हाताऱ्यांना वेळेवर औषधपाणी, कोणी आजारी पडलं तर भाकरी करून देणारं माणूस हाताशी. ह्यातलं निम्मं काम तीस वर्षं कोण करत आलं, ते शैलेशच्या कागदात कुठंच नव्हतं. असो.

चार दिवसांनी काम आटोपून भागी काकांसमोर उभी राहिली. पदर खोचलेला, हात ओले.

"काका, घर मला द्या."

काकांना वाटलं, ती वापरायला मागतेय. "अगं, विकणार आहे मी ते."

"इकतच मागतंय. फुकट नाय. तो शैलेशचा माणूस देल तवढंच आमी देव. मी ना दीपा."

दीपा म्हणजे भागीची एकुलती लेक. ती तीन वर्षांची असताना भागीचा नवरा अंकुश वीटभट्टीवर तापानं गेला. त्यानंतर भागीनं सफाळ्याच्या आतला आपला पाडा सोडला, पालघरला रेल्वेपलीकडे भाड्याची एक खोली धरली आणि लोकांच्या लाद्या पुसून लेकीला विज्ञान शिकवलं. दीपा आता बोईसरच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती आणि गेल्याच वर्षी कायम झाली होती. त्या एका शब्दासाठी, 'कायम', भागीनं आख्ख्या पाड्याला जेवण घातलं होतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "कमी मी घेऊ शकत नाही भागी. कीर्तीचाही वाटा आहे त्यात. पण तेवढेच देणार असशील तर दुसऱ्याला कशाला देऊ? अक्षय्य तृतीयेपर्यंत बँकेचा होकार आण. नाहीतर मग शैलेशला हो म्हणावं लागेल."

ही बातमी आळीत फिरायला दुपारसुद्धा लागली नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही. मंगलावहिनी तेवढ्या संध्याकाळी काकांकडे ताक घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "द्या कोणालाही, तुमचं घर आहे. पण वस्ती बघून द्या हो." भागी मागच्या दारात भांडी घासत होती. तिनं ऐकलं, आणि मंगलावहिनींचं ताकाचं भांडं जास्तच लख्ख घासून परत पाठवलं.

आता भागीला हेच घर का हवं होतं? उतार चांगला म्हणून कोणी जन्माची पुंजी ओतत नाही. त्याचं कारण जुनं आहे.

भागी दहा-अकरा वर्षांची असताना तिचा बाप देवू ह्या घराच्या पायावर कामाला होता. भात कापून झालं की पाड्यातली माणसं कामासाठी खाली उतरत, तशी ती बापलेक उतरली आणि पानआळीत चार महिने राहिली. देवू खणायचा, भागी घमेल्यानं माती वर द्यायची. काका तेव्हा वलसाडला नोकरीला. पैसे ते पाठवत, पण घर उभं केलं त्यांच्या आईनं, गोजराबाईनं. गोजराबाई म्हणजे सरळ रेषेत चालणारी बाई. पायाला काळा खडक लागेपर्यंत तिनं खणणाऱ्यांना वर येऊ दिलं नाही. गवंडी म्हणाला, बास झालं. ती म्हणाली, "ह्या पोरीला उभी कर आत. डोकं दिसतंय अजून. खण." भागीचं डोकं दिसेनासं झालं, वर आणखी हातभर झालं, तेव्हा खडक लागला.

घर पुरं झालं. वास्तूच्या दिवशी मजुरांची पंगत मागच्या परसात बसली. देवूला एक धोतर आणि नारळ मिळाला. तो नारळ काखेत मारून पाड्याच्या वाटेला लागताना त्यानं मागं वळून कौलांकडे पाहिलं आणि हसत लेकीला म्हणाला, "पाया आपला, घर त्यांचा."

त्यानं ते गमतीनं म्हटलं होतं. भागीनं मात्र ते अडतीस वर्षं मनात ठेवलं होतं.

बँकेनं दीपाचे पगाराचे कागद पाहिले, पसंत केले. "आये, मला बघून झालं," दीपा म्हणाली, "आता घराला बघायला येणार. एक साहेब येतील, मूल्य काढतील. आणि घराचं वय विचारतील, म्हणजे अजून किती वर्षं टिकेल ते. निदान पंचवीस पाहिजेत. कमी लिहिली तर कर्ज नाही."

"म्हंजे पोरगी बघाचा कार्यक्रम," भागी म्हणाली. आणि खरोखरच तिनं तसं केलं. आदल्या दिवशी जळमटं काढली, दारांना तेल दिलं, कौलं झाडून घेतली, पोह्यांचीसुद्धा तयारी ठेवली.

चैत्रातल्या एका सकाळी साहेब आले. नाव दिग्विजय, वय तिशीच्या आतबाहेर, खांद्याला बॅग, हातात लाल ठिपका पाडून अंतर मोजणारं यंत्र. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याला त्याच दिवशी बोईसरला तीन फ्लॅट बघायचे होते आणि उन्हाच्या आत घर गाठायचं होतं. सोबत वाट दाखवायला म्हणून शैलेश आला होता; कर्ज नाकारलं गेलं तर पुढचं गिऱ्हाईक त्याचंच होतं, तेव्हा त्याची तत्परता समजण्यासारखी होती.

दिग्विजयनं खोल्या मोजल्या, फोटो काढले, भिंतीवर थापट्या मारल्या. मग विचारलं, "काका, काही दोष? गळती, भेगा?"

आणि काका, ज्यांनी आयुष्यात बिनतिकिटाचा प्रवास केला नाही, ते म्हणाले, "खोटं कशाला सांगू? ह्या पुढच्या खोलीची जमीन खचलेली आहे. मी वलसाडहून आलो तेव्हापासून बघतोय. हे बघा, कॉटखाली पाचर, टेबलाखाली पाचर. कपाटाखाली तर दोन-दोन. पण घर चांगलं आहे हो."

दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी असलेली भागी जागच्या जागी थांबली. ह्या पाचरी ती अठरा वर्षं पाहत होती. म्हाताऱ्या माणसांच्या काही खोडी असतात, त्यातली ही एक, असं समजून रोज त्या उचलून, खालचं पुसून, पुन्हा जागच्या जागी ठेवत होती. काका जमीन खचलीय समजत होते! आणि अठरा वर्षांत त्यांनी एकदाही तिला विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. घरातली दोन माणसं रोज एकमेकांना दिसतात आणि बोलायचं तेवढंच राहून जातं, त्याचा हा नमुना.

दिग्विजयनं खिशातलं पेन काढून उंबऱ्यापाशी जमिनीवर आडवं ठेवलं. पेन गडगडत निघालं ते थेट कपाटाच्या पाचरीवर जाऊन आपटलं.

"पाया बसलाय," तो म्हणाला आणि कागदावर वाकला. "बांधकाम विटांचं, छप्पर कौलारू, वय अडतीस, त्यात हे. सॉरी काका. दहा वर्षं लिहितो. तीसुद्धा जास्तच होतील."

"मी म्हटलं नव्हतं?" शैलेश म्हणाला. "वजाबाकी."

दीपाचा चेहरा पडला. तिनं आईकडे पाहिलं, तर आई हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, बशीतले पोहे सांडतील इतकी हसत होती. दीपाला वाटलं, आईला धक्का बसला.

"आये!"

भागीनं बशा टेबलावर ठेवल्या, डोळे पुसले आणि कपाटापाशी जाऊन पेन उचलून आणलं.

"सायब, तुमी पेन कुठून सोडला? दारातून. कुठं गेला? कपाटाखाली. आता हा घ्या, या खिडकीकडून सोडा."

दिग्विजयला घाई होती, पण त्या बाईच्या आवाजात असं काही होतं, की त्यानं पेन घेतलं. खिडकीकडून सोडलं. पेन तिरपं पळत कपाटाखाली गेलं.

"आता सैपाकघराच्या दारातून."

तिसऱ्यांदा सोडलं. पेन पुन्हा कपाटाखाली.

"जमीन खचं तवा एका अंगाला खचं," भागी म्हणाली. "तीन अंगांनी एकाच जागी कशी खचल? तिला काय शाळंत घातलीवती?"

दिग्विजयनं बॅगेतून पातळी बघायची पट्टी काढली आणि गुडघ्यावर बसला. इथं ठेव, तिथं ठेव, भिंतीला लाव. भिंती ओळंब्यात होत्या, दाराच्या चौकटी काटकोनात. उतार फक्त जमिनीला, आणि तोही सगळीकडून सारखा. त्यानं मान वर केली. आता त्याच्या तोंडावरची घाई गेली होती.

"मावशी, हे काय आहे?"

"पानाचा धंदा हाय," भागी म्हणाली.

मग तिनं सांगितलं. गोजराबाईचा विड्याच्या पानांचा धंदा होता. शिरगाव-माहीमच्या वाड्यांतून पानांचे भारे येत. सहा बाया ह्या पुढच्या खोलीत बसून ती धूत, निवडत, करंड्या भरत, आणि करंड्या दुपारच्या गाडीला लागत. पान धुतलं की पाणी पडणार, पाणी उभं राहिलं की पान कुजणार. म्हणून गोजराबाईनं गवंड्याकडून ह्या खोलीची शहाबादी फरशी दोनदा उखडून पुन्हा बसवून घेतली. तिसऱ्या वेळी तिनं स्वतः तांब्या ओतला, तीन कोपऱ्यांतून तीन तांबे. तिन्हींचं पाणी एका जागी गेलं, तेव्हा गवंड्याला मजुरी मिळाली. "आळीला पानआळी कशावरून म्हणतत? त्या कपाटामागं भोक हाय. पानी भाईर केळीला जाय. मंग आजी थकली, धंदा बंद झाला, आणि त्या भोकातून एक दिवस धामण घरात आली. तवा आजीनं भोक बुजवाय सांगला. मी तवा आजीकडंच कामाला व्हतू, सिमीट मीच लावलाय."

"आई असं काही बोलली नव्हती मला," काका पुटपुटले. ते कॉटवर बसले होते, पाचरी मारलेल्या.

"तुमी इचारलाव कवा?" भागी म्हणाली. ह्या वाक्यात राग नव्हता, पण ते काकांना लागायचं तिथं लागलं.

कपाट हलवायला शैलेशलाही हात लावावा लागला. भागीनं सांगितल्याशिवाय त्याला सुटका नव्हती. कपाट सरकलं, आणि मागं भिंतीच्या पायथ्याशी तळहाताएवढा सिमेंटचा गोल डाग दिसला. भागीनं मागच्या पडवीतून छिन्नी-हातोडी आणली. काका उठले, काठी घेतली आणि कोणाला न सांगता परसात जाऊन केळीपाशी उभे राहिले. चार-पाच घाव बसले, सिमेंटचं ढेकूळ आतून पलीकडे पडलं, आणि भोकातून परसातला हिरवा उजेड खोलीत आला.

मग भागीनं बादली भरली. उंबऱ्यावर उभी राहिली, आणि एका दमात ओतली.

पाणी पसरलं, क्षणभर गोंधळल्यासारखं दिसलं, आणि मग सगळीकडून वळून एका वाटेला लागलं. तीन अंगांनी आलं, भिंतीपाशी एक झालं, भोकात शिरलं. एक थेंब मागं राहिला नाही. बाहेरून काकांची आरोळी आली, शहात्तर नाही तर सोळा वर्षांच्या माणसाची वाटावी अशी. त्या आरोळीला वयाचा हिशेब नव्हता. जन्मभर हापिसातलं शुद्ध मराठी बोललेला तो माणूस आईच्या बोलीत ओरडत होता.

"आला! भागी, पानी आला! केलीला आला गो!"

आत येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की कॉटखालच्या चारी पाचरी काठीनं उडवून लावल्या. "अठरा वर्षं! अठरा वर्षं मी आईच्या कामाला पाचर मारतोय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

दिग्विजयनं कागद पुढं ओढला, पण लिहिलं नाही. शिकलेला होता, आणि चांगला शिकलेला होता. "मावशी, जमीन कळली. पण पाया? तो मला दिसला पाहिजे. नुसतं तुमच्या सांगण्यावर मी तीस लिहू शकत नाही."

"माझ्या सांगन्यावर नकाच लिवू," भागी म्हणाली. "चला."

परसातल्या कोपऱ्यात, केळीच्या बाजूला, तिनं कुदळ घेतली. दीपा पुढं झाली, तिला भागीनं मागं सारलं. ऊन चढत होतं. एकोणपन्नास वर्षांची ती बाई भिंतीच्या कडेनं खणत गेली, आणि जितकी खाली गेली तितकी काळ्या दगडाची बांधणी घट्ट, सांध्याला सांधा लागून दिसत गेली. दोन फूट. तीन. साडेतीन. दिग्विजय खड्ड्यात उतरला, हातोडीनं दगडावर ठोके दिले, सांध्यात खिळा घालून पाहिला. खिळा शिरला नाही.

"किती खोल आहे हा?"

"मी धा वर्सांची व्हतू. माझा डोका बुडाला, वर हातभर. खाली काला खडक." भागीनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "माझ्या बापानं खनलाय. मी माती वर दिलीय. तुमाला आनखी बघाचा तर खनतंय. दुपारपरेंत खडक दाखवतंय."

दिग्विजय खड्ड्यातून वर आला. त्यानं हात झाडले, छपराकडे एकदा पाहिलं, सागाची तुळई मघाशी ठोकून पाहिलेलीच होती. "नको," तो म्हणाला. "आज बांधतात त्या बंगल्यांना एवढा पाया मी क्वचित पाहिलाय." पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, ओट्यावर बसून त्यानं आधीचा आकडा खोडला, शेजारी सही केली आणि नवा लिहिला. मग मोठ्यानं वाचला, कारण सगळे त्याच्या पेनाकडेच बघत होते. "शिल्लक आयुष्य, तीस वर्षं."

"घराचा ना?" भागीनं विचारलं. "का माझा?"

दीपा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. शैलेशनं पोहे संपवले आणि अंगणात जाऊन कोणाला तरी फोन लावला. जाताना मात्र तो थबकून म्हणाला, "मावशी, आमच्या घरी येऊन एकदा बादली ओताल का?" दलाल असला तरी माणूसच तो, माल ओळखायचा त्याला धंद्यानंच शिकवलं होतं.

अक्षय्य तृतीयेला अजून आठ दिवस होते तेव्हा बँकेचा होकार आला. कागद झाले. त्यावर दोन नावं लागली, आधी भागीचं, मग दीपाचं. भागीनं सही केली. दीपा नववीत असताना तिनं आईला शिकवलेली, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेली सही. कार्यालयातला माणूस म्हणाला, अंगठाही चालेल. भागी म्हणाली, "तुमाला चालल, मला नाय."

वास्तूच्या दिवशी आळी आली. सगळी आली, कारण पाण्याची गोष्ट एव्हाना सगळीकडे झाली होती आणि प्रत्येकाला ते भोक बघायचं होतं. काका बोईसरहून कीर्तीबरोबर आले आणि यजमानासारखे मिरवत लोकांना उतार दाखवत बसले. मंगलावहिनी चोळीचा खण आणि नारळ घेऊन आल्या. ओटी भरली. मग जरा घुटमळल्या.

"भागी... म्हणजे, भागीबाई, आमच्या फ्रिजपाशी ना, पाणी साठतं हो. ये ना बघायला. म्हणजे, याल का?"

"दोन वर्सं साठतंय वहिनी. मीच पुसतंय," भागी म्हणाली. "येन की. सोमवारी येन. आज माझ्याकडं पावणं हायत." आणि मंगलावहिनी वळल्या तशी तिनं हाक मारली. "आनि वहिनी, भागीच म्हना. घर घेतलाय, नाव नाय बदलला."

देवूला आणायला दीपा पाड्यावर गाडी घेऊन गेली होती. ते दोघं पोचेपर्यंत पंगती उठत आल्या होत्या. देवूचं वय त्यालाच ठाऊक नव्हतं, ऐंशीच्या आसपास असेल. पाठीत वाकलेला, डोक्याला नवा फेटा. गाडीतून उतरला आणि कोणी काही म्हणायच्या आत भिंतीच्या कडेकडेनं थेट मागच्या परसाकडे चालू लागला. त्याची पंगत अडतीस वर्षांपूर्वी तिथं बसली होती; त्याला तीच वाट ठाऊक होती.

भागी पुढच्या दारातून धावली. "बाबा, इकडून. इकडून ये रं."

पण तो कोपऱ्यावर केळीपाशी थांबला होता. भागीनं खणलेला खड्डा अजून तसाच होता; ह्या धांदलीत तो बुजवायचा राहून गेला होता. देवू काठीवर वाकून खाली बघत होता. उघड्या पडलेल्या काळ्या दगडांवरून त्याची नजर एकेक सांधा करत खाली गेली आणि तशीच वर आली.

"हा कोनी खनला?"

"मीच. पाया दाखवाय."

"बघला त्यांनी?"

"बघला."

"काय बोलले?"

"तीस वर्सं बोलले."

देवू फुस्सदिशी हसला. त्या साहेबाच्या हिशेबावर हसला असावा. मग त्यानं काठी कडेच्या मातीच्या ढिगाकडे केली.

"मंग बुजव आता. पाया उघडा नाय ठेवाचा पोरी. आपला हाय तो."

भागीनं नव्या साडीचा पदर खोचला आणि कुदळ उचलली. खड्डा पुरा भरला, तिनं माती पायानं दाबून सारखी केली, आणि मग बापाचा हात धरून त्याला पुढच्या दारानं आपल्या घरात नेलं.